उधारीच्या वहीतून उभा राहिलेला पक्ष चांदीपायी बुडाला का?

प्रश्न असा आहे: १८९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत दहा लाखांवर मतं आणि चार राज्यं घेणारा अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा 'पीपल्स पार्टी' हा पक्ष १८९६ नंतर एकदम दिसेनासा कसा झाला? चांदीच्या नाण्यांचा हट्ट धरला म्हणून बुडाला, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं का?

अर्धंच खरं. चांदी हे त्या पक्षाचं शेवटचं दुखणं होतं, मूळ प्रकृती नव्हे. पक्ष जन्मला उधारीतून, वाढला एका गोदामाच्या योजनेवर, आणि ती योजना बाजूला पडून चांदी पुढे आली तेव्हा त्याचा कणा गेला. पण त्याआधीच दक्षिणेत मतपेट्यांनी आणि पश्चिमेत मतपत्रिकेच्या कायद्यांनी त्याचे पाय कापत आणले होते. १८९६ च्या अधिवेशनावर सगळं खापर फोडणाऱ्यांना हा भाग दिसत नाही. म्हणून सुरुवात दुकानापासून करू.

यादवी युद्धानंतर (१८६१-६५) अमेरिकेच्या दक्षिणेत बँका जवळपास उरल्याच नाहीत. जमीन होती, कसणारे हात होते, रोकड नव्हती. ती जागा गावातल्या माल पुरवणाऱ्या दुकानदाराने घेतली. काळे शेतकरी त्याला नुसतं 'तो माणूस' म्हणत, यातच सगळं आलं. मार्चमध्ये शेतकरी दुकानात येई आणि येणाऱ्या कापसावर बोजा लिहून देई. आपल्याकडे सातबाऱ्यावर चढतो तसाच बोजा, फक्त जमिनीवर नव्हे तर अजून न पेरलेल्या पिकावर. एकदा तो चढला की दुसऱ्या दुकानात उधार मिळणं बंद, कारण पिकावरचा पहिला हक्क आधीच गेलेला. मग वर्षभर त्याच दुकानातून खारवलेलं डुकराचं मांस, मक्याचं पीठ, काकवी, नांगराचा फाळ, खत, सगळं वहीवर.

दुकानात प्रत्येक वस्तूला दोन भाव असत: रोखीचा आणि उधारीचा. फरक २५ टक्क्यांपासून ५० टक्के, कधी त्याहून वर. हिशेब करून बघा. रोखीने १०० डॉलरला मिळणारा माल उधारीत १४० ला लागला, आणि तो मार्च ते नोव्हेंबर असा आठ महिन्यांत फेडायचा असेल, तर वर्षाचा दर ६० टक्के पडतो. जॉर्जियातल्या जुन्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकासाठी काढलेला आकडाही ६० च्या आसपासच येतो. शिवाय माल मार्चमध्ये एकदम घेतला जात नाही, उन्हाळाभर थोडा थोडा घेतला जातो, म्हणजे शेवटी शेवटी घेतलेल्या मालावर प्रत्यक्ष दर आणखी चढा.

नोव्हेंबरमध्ये कापूस जिनिंगमधून दुकानदाराच्या काट्यावर. तोच तोलणार, तोच प्रत ठरवणार, तोच वहीत जमा करणार. कर्ज फिटलं नाही तर बाकी पुढच्या वर्षीच्या पिकावर. आणि दुकानदाराची अट एकच, कापूस लाव. कापूस लगेच विकला जातो आणि खाता येत नाही. मका लावला तर घरात पीठ होईल आणि दुकानातली उचल कमी होईल, म्हणून मक्याला नाट. ज्याला पोटापुरतं पिकवता आलं असतं तो पीठ विकत घेऊ लागला तो असा.

त्यात भाव पडत गेले. १८७० च्या दशकात पौंडाला ११ सेंटांच्या आसपास असलेला कापूस १८९४ ला ५ सेंटांच्याही खाली आला. पश्चिमेकडे कॅन्सस-नेब्रास्कात दुकानदाराऐवजी जमिनीचं गहाणखत होतं आणि कापसाऐवजी गहू-मका, पण दुखणं त्याच जातीचं. युद्धकाळात काढलेल्या कागदी नोटा सरकार आवरत गेलं, १८७३ मध्ये चांदीचा डॉलर पाडणं थांबलं, १८७९ पासून नोट सोन्यात बदलून मिळू लागली. माणसं आणि व्यापार वाढत होते, चलन त्या मानाने वाढत नव्हतं. १,००० डॉलरचं कर्ज गहू बुशेलला (धान्याचं तिकडचं माप) १ डॉलर असताना काढलं तर ते १,००० बुशेलांचं. गहू ५० सेंटांवर आला की तेच कर्ज २,००० बुशेलांचं होतं, व्याज वेगळं. सावकाराने काहीच केलेलं नसतं. रुपयाच जड झालेला असतो, इथे डॉलर. कॅन्ससात १८८७ पासून दुष्काळाने जमिनीच्या किमतीही कोसळल्या. पुढच्या एका हिवाळ्यात तर मका इतका स्वस्त झाला की लोकांनी कोळशाऐवजी तो चुलीत घातला.

इथे एक आडवाट घेतो, कारण धागा खरा आहे. त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस बंद झाला तेव्हा मुंबई इलाख्यात तेजी आली, उधारी सैल झाली. युद्ध संपलं तशी तेजी उतरली आणि वह्या राहिल्या. १२ मे १८७५ ला सुप्यात आणि मग पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. टेक्ससच्या शेतकऱ्याने वही जाळली नाही. त्याने दुसरी वही उघडायचा प्रयत्न केला.

टेक्ससच्या लँपासस काउंटीत १८७७ च्या सुमारास 'फार्मर्स अलायन्स' सुरू झाली ती गुरांचे चोर आणि जमिनीचे वाद यांच्यासाठी. १८८० च्या दशकात एस. ओ. डॉज या फिरत्या प्रचारकाने तिला वळण दिलं: गावोगाव शाखा, प्रत्येक शाखेचा एक खरेदी-विक्रीचा प्रतिनिधी, आणि शेकडो गाठी एकत्र करून एकाच ढिगाने विक्री. बैठका शाळेच्या खोलीत, बायकांनाही सभासदत्व, व्यापारी-वकील-बँकवाल्यांना मज्जाव. काळ्या शेतकऱ्यांनाही मज्जाव. त्याकडे पुढे येतो. १८८६ मध्ये क्लेबर्न इथे पहिलं राजकीय मागणीपत्र निघालं आणि त्यावरून संघटना फुटायला आली. ती सावरली चार्ल्स मॅक्यून या माणसाने. डॉक्टरी आणि वकिली दोन्ही केलेला, उत्तम वक्ता, आणि माझ्या मते त्या सगळ्या चळवळीतला एकमेव खरा यंत्ररचनाकार.

मॅक्यूनने १८८७ मध्ये डॅलसला राज्यव्यापी 'एक्स्चेंज' काढलं. कापूस एकत्र विकायचा, अवजारं आणि किराणा थेट कारखान्यातून घ्यायचा. पण ज्याच्या पिकावर आधीच बोजा आहे तो एक्स्चेंजकडे वळणार कसा? त्याला मार्चमध्ये उधार हवी. उत्तर म्हणून मॅक्यूनने सामाईक हमीपत्र आणलं: शाखेतल्या सगळ्यांनी मिळून एका कागदावर सह्या करायच्या, ज्याच्याकडे जमीन आहे त्याने ज्याच्याकडे नाही त्याचीही हमी घ्यायची, प्रत्येकाला किती माल लागेल ते लिहायचं. असे कागद तारण ठेवून बँकेकडून रक्कम उचलायची आणि ठोक माल आणायचा. आज आपण ज्याला संयुक्त दायित्व गट म्हणतो, तेच.

मोडलं कुठे? दोन ठिकाणी. दर सभासदामागे २ डॉलर भाग-भांडवल यायचं होतं, त्यातला थोडाच भाग प्रत्यक्ष जमा झाला, कारण ज्याच्यासाठी संस्था काढली त्याच्या हातात २ डॉलरही नव्हते. आणि १८८८ च्या वसंतात डॅलसपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत बँकांनी ती हमीपत्रं तारण म्हणून घेतली नाहीत. ९ जून १८८८ ला टेक्ससभर कोर्टांच्या आवारांत शेतकरी जमले, वर्गणी गोळा झाली, एक्स्चेंज वर्षभर तगलं आणि १८८९ मध्ये बंद पडलं. धडा साधा होता. खरेदी-विक्री सहकारी करता येते, पण पत बाहेरून आणायची असेल तर पत देणारा तुमचा गळा धरतो.

त्याच सुमाराला एक लढाई मात्र जिंकली गेली, तीही बारदानाची. कापसाच्या गाठीला गुंडाळायचं तागाचं बारदान बनवणाऱ्यांनी संगनमत करून १८८८ मध्ये भाव एका हंगामात जवळपास दुप्पट केला. ताग बंगालचा, कारखाने अमेरिकेतले. दक्षिणेतल्या शाखांनी ठरवलं की ताग नको, सुती बारदान वापरू. जड कापड, फाटण्याची भीती, लिव्हरपूलचे व्यापारी वजनात कापणार अशी कुरकुर, सगळं सोसून लोकांनी बहिष्कार चालवला आणि भाव खाली आला. हे जमलं, कारण इथे उधार लागत नव्हती. फक्त एकजूट लागत होती.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबर १८८९ मध्ये सेंट लुईसच्या बैठकीत मॅक्यूनने 'सब-ट्रेझरी' योजना मांडली. बँका पत देत नाहीत तर सरकारने द्यावी, आणि पैशाने नव्हे तर गोदामाने. योजना अशी: ज्या काउंटीत वर्षाला ५ लाख डॉलरहून जास्त शेतमाल विकला जातो तिथे सरकारने गोदाम आणि खजिना कचेरी काढायची. कापूस, गहू, मका, ओट, बार्ली, राय, तांदूळ, तंबाखू, साखर, लोकर असा टिकाऊ माल शेतकऱ्याने तिथे टाकायचा. स्थानिक चालू भावाच्या ८० टक्क्यांपर्यंत सरकारी नोटांत कर्ज, व्याज वर्षाला १ टक्का, शिवाय साठवण, हाताळणी आणि विम्याचा खर्च. गोदामाची पावती विकता येईल. पावती घेणारा कर्ज फेडून माल उचलेल. १२ महिन्यांत उचलला नाही तर लिलाव. कर्ज फिटलं की तेवढ्या नोटा नष्ट.

एका गाठीवर लावून बघू, आकडे उदाहरणादाखल. ५०० पौंडांची गाठ, ऑक्टोबरचा भाव ८ सेंट, किंमत ४० डॉलर. गोदामात टाकली, ३२ डॉलर हातात. मेमध्ये भाव साडेनऊ सेंट झाला, गाठ साडेसत्तेचाळीसला गेली. सात महिन्यांचं व्याज १९ सेंट. साठवण-विमा डॉलर-दीड डॉलर धरला तरी ऑक्टोबरात विकण्यापेक्षा सहाएक डॉलर जास्त. एरवी हा फरक दलाल खाई.

यात दुहेरी हुशारी होती, म्हणून मी तिच्यावर एवढी शाई घालवतोय. सुगीला सगळा माल एकदम बाजारात येतो आणि त्याच वेळी पैशाची चणचण होते, कारण माल हलवायला रोकड लागते. म्हणून भाव पडतो. या योजनेत सुगीलाच नवं चलन बाहेर येतं आणि माल विकला जाईल तसतसं परत जातं. हंगामाप्रमाणे फुगणारं-आकसणारं चलन. विरोधक 'कागदी नोटांचा पूर' म्हणाले, त्यांनी हा परतीचा भाग वाचलेलाच नसावा.

पण दोषही खरे होते. नाशवंत माल बाहेर, म्हणजे दूध-भाजीवाले बाहेर. गरीब काउंट्या ५ लाखांच्या अटीत अडकणार. सगळेच मेपर्यंत थांबले तर मेचा भाव उतरणार. मधला खड्डा भरेल, पण शिखरही खाली येईल. कॅन्ससच्या गहाणवाल्याला कर्ज जमिनीवर हवं होतं, पिकावर नव्हे, म्हणून पुढच्या वर्षी फ्लॉरिडातल्या ओकालाच्या मागणीपत्रात जमिनीवरच्या स्वस्त कर्जाचं कलम जोडावं लागलं. सर्वात मोठा दोष वेळेचा: बोजा चढतो मार्चमध्ये, गोदाम पैसे देतं ऑक्टोबरमध्ये. पहिलं वर्ष ओलांडायचं कसं, याला योजनेत उत्तर नाही.

तरीही अलायन्समधून पक्ष उभा राहिला तो याच योजनेमुळे. कारण काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, विधेयक मांडलं आणि दोन्ही जुन्या पक्षांनी ते समितीतच कुजवलं. हजारो प्रचारक गावोगाव हेच आकडे फळ्यावर मांडून शिकवत होते, हजारभर छोटी साप्ताहिकं तेच छापत होती. १८९० मध्ये कॅन्ससने काँग्रेसच्या ७ पैकी ५ जागा या नव्या लोकांना दिल्या आणि विल्यम पेफर सिनेटवर गेला. मेरी लीझसारख्या वक्त्या तीन-तीन तास बोलत. 'मका कमी पिकवा, धुमाकूळ जास्त घाला' हे तिच्या नावावर खपणारं वाक्य आपलं नव्हेच, असं तिनेच पुढे सांगितलं. दक्षिणेत मात्र वेगळा पक्ष काढायला लोक बिचकत होते. त्यांनी डेमोक्रॅट उमेदवारांकडून शपथा घेतल्या, निवडून आणलं, आणि निवडून आलेल्यांनी शपथा गिळल्या. तेव्हा कुठे १८९२ ला तिसऱ्या पक्षाला दक्षिणेत मान्यता मिळाली.

४ जुलै १८९२, ओमाहा. जाहीरनाम्यात सब-ट्रेझरी किंवा तिच्याहून चांगली व्यवस्था, माणशी किमान ५० डॉलर चलन, चढत्या दराने प्राप्तिकर, टपाल खात्यातल्या बचत बँका, रेल्वे आणि तार-टेलिफोन सरकारच्या मालकीचे. १६ ला १ प्रमाणात (१६ भार चांदी म्हणजे १ भार सोनं) चांदीची खुली टांकसाळही होती, म्हणजे कोणीही चांदी आणून नाणी पाडून घ्यायची, पण ती यादीत एक कलम होती. अलायन्सचा अध्यक्ष, नॉर्थ कॅरोलिनाचा लिओनिडास पोक, उमेदवार होणार असं जवळपास ठरलेलं होतं; तो तीन आठवडे आधी, ११ जूनला वारला. आयोवाचा जेम्स वीव्हर उभा राहिला, युद्धात उत्तरेकडून लढलेला. दक्षिणेत अशा माणसासाठी मतं मागणं म्हणजे अंगावर अंडी झेलणं, आणि तशी ती झेललीही. तरी १०,४१,००० च्या आसपास मतं, साडेआठ टक्के, २२ निर्वाचक मतं (राज्यागणिक ठरलेली, अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणारी). कॅन्सस, कोलोराडो, नेवाडा, आयडाहो ही चार राज्यं आली. नकाशा नीट बघा: कॅन्सस सोडलं तर बाकीची तीन खाणींची राज्यं. पुढच्या घसरणीचं बीज तिथेच आहे.

आता दक्षिण. तिथे पक्षाला जिंकायचं तर गरीब गोरा आणि गरीब काळा यांची मतं एकत्र हवी होती. जॉर्जियातल्या टॉम वॉटसनने हे उघडपणे सांगितलं: तुम्हाला एकमेकांचा द्वेष करायला शिकवतात, कारण त्या द्वेषावरच दोघांना लुटणारी व्यवस्था उभी आहे. बोलणं धाडसी होतं, पण पाया कच्चा. काळ्या शेतकऱ्यांची वेगळी 'कलर्ड फार्मर्स अलायन्स' १८८६ पासून होती, दहा लाखांहून जास्त सभासदांचा तिचा दावा. त्यांच्यातले बहुतेक मजुरीने कापूस वेचणारे. १८९१ च्या सप्टेंबरात त्यांच्यातल्या काहींनी १०० पौंडांना १ डॉलर वेचणीसाठी संप पुकारला, तेव्हा गोऱ्या अलायन्सच्या पोकने विरोध केला. त्याचे सभासद वेचणीला मजूर लावणारे होते. अर्कान्ससच्या ली काउंटीत तो संप सशस्त्र टोळ्यांनी चिरडला, पंधराच्या आसपास काळी माणसं मारली गेली. एकाच वहीत अडकलेले दोघे, पण एक दुसऱ्याला मजुरी देणारा. ही फट भाषणाने बुजत नाही.

आणि मग मोजणी. वॉटसनच्या निवडणुकीत ऑगस्टा शहरात जेवढे हक्काचे मतदार होते त्याहून जास्त मतं पेटीतून निघाली. अलाबामात १८९२ आणि १८९४ ला रूबेन कोल्ब गव्हर्नरपदासाठी उभा होता, त्याला ज्या काउंट्यांत काळे बहुसंख्य आणि मोजणारे सगळे डेमोक्रॅट, तिथल्या आकड्यांनी हरवलं. ज्यांना मत द्यायची मुभा नव्हती त्यांच्याच नावावर मतं टाकली गेली. नॉर्थ कॅरोलिनात रिपब्लिकनांशी युती करून १८९४ ला विधिमंडळ जिंकलं, मतदानाचे कायदे सुधारले. त्याचं उत्तर १८९८ च्या गोऱ्या वर्चस्वाच्या मोहिमेत आणि १० नोव्हेंबरला विल्मिंग्टनमध्ये शस्त्रांनी उलथवलेल्या नगरपालिकेत मिळालं. त्यानंतर मतदान कर आणि साक्षरतेच्या अटी: मिसिसिपीत आधीच १८९० ला, लुइझियाना १८९८, नॉर्थ कॅरोलिना १९००, अलाबामा १९०१. निशाणा काळ्यांवर, पण हजारो गरीब गोरेही त्यातच गळाले. वॉटसन स्वतः पुढे काळ्यांचा आणि ज्यूंचा कडवा द्वेष्टा झाला. त्याचं १८९२ चं भाषण उद्धृत करणाऱ्यांनी हेही त्याच दमात सांगायला हवं.

पश्चिमेतली मारण्याची रीत सभ्य होती, कायद्याची. पूर्वी प्रत्येक पक्ष आपल्या मतपत्रिका स्वतः छापी. त्यामुळे दोन पक्षांनी एकच उमेदवार घ्यायचा तर दोघांनी त्याचं नाव आपापल्या कागदावर छापलं की झालं. १८९० च्या आसपास सरकारी छापाची गुप्त मतपत्रिका आली, सुधारणा म्हणूनच. रिपब्लिकन विधिमंडळांनी तिच्यात एक ओळ घातली: एका माणसाचं नाव एकदाच छापलं जाईल. साउथ डकोटा १८९३, ओरेगन आणि मिशिगन १८९५. आता युती केली तर नाव डेमोक्रॅटांच्या रकान्यात, पॉप्युलिस्टांचा (पीपल्स पार्टीवाल्यांचं हेच नाव) रकाना कोरा. नाही केली तर मतं फुटणार. जन्मभर रिपब्लिकन राहून पॉप्युलिस्ट झालेला माजी सैनिक डेमोक्रॅट शब्दाखाली खूण करणार नाही, हे कायदा करणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ही बंदी अजून आहे. १९९७ मध्ये मिनेसोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

आता चांदी, आणि इथे मुंबईचा खरा संबंध येतो. २६ जून १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जाऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या दिवशी हिंदुस्थान सरकारने ही मुभा बंद केली. जगातलं चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक उठून गेलं. भाव कोसळला, कोलोराडोतल्या खाणी आणि भट्ट्या बंद पडल्या, जुलैत डेन्व्हरमधल्या डझनभर बँका तीन दिवसांत बुडाल्या. अमेरिकेत मंदी आधीच सुरू होती. वॉशिंग्टनने नोव्हेंबरपर्यंत चांदी खरेदीचा १८९० चा कायदाही रद्द केला. खाणमालकांना आता एकच तरणोपाय दिसत होता, १६ ला १ ची खुली टांकसाळ. बाजारात प्रमाण ३० ला १ च्या आसपास; म्हणजे सरकारने त्यांची चांदी जवळपास दुप्पट भावाने घ्यायची. त्यांच्याकडे पैसा होता, छापखाने होते.

शेतकऱ्याला यातून काय? भाव थोडे चढले असते, कर्ज हलकं झालं असतं. पण वही दुकानदाराकडेच राहिली असती. चांदीचा डॉलर मार्चमध्ये उधार देत नाही. शिवाय मूळ मागणी धातूविना चलनाची होती. चांदीवाल्यांनी एका धातूच्या जागी दुसरा मांडला. हेन्री डिमारेस्ट लॉइड या पत्रकाराने चांदीच्या चळवळीला दुसऱ्यांनी कष्टाने बांधलेल्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्याची उपमा दिली. तिकडे तो पक्षी वेगळा आहे. आपल्याला कोकिळेवरून लगेच कळेल.

पक्षाचा अध्यक्ष हर्मन टॉबेनेक याने डाव टाकला: १८९६ चं अधिवेशन दोन्ही मोठ्या पक्षांच्या नंतर ठेवू. दोघेही सोन्याला चिकटतील आणि चांदीवाले सगळे आपल्याकडे येतील. ९ जुलैला शिकागोत डेमोक्रॅटांच्या अधिवेशनात विल्यम जेनिंग्ज ब्रायन बोलला आणि डेमोक्रॅटांनीच चांदी उचलली, ब्रायनलाच उमेदवार केलं. डाव उलटला. २२ जुलैला सेंट लुईसला जमलेल्यांपुढे दोनच वाटा: ब्रायनला घ्यायचं आणि पक्ष विरघळवायचा, किंवा वेगळा उमेदवार देऊन चांदीची मतं फोडल्याचं पाप घ्यायचं. दक्षिणेतले 'मधल्या रस्त्याने चला'वाले, म्हणजे युती नकोच म्हणणारे, ओरडत होते की ज्यांनी आमच्या मतपेट्या चोरल्या त्यांच्याच गळ्यात गळा घालू कसा?

तडजोड चमत्कारिक निघाली. आधी उपाध्यक्ष निवडला, टॉम वॉटसन, मग ब्रायन. डेमोक्रॅटांचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार होता मेनचा आर्थर स्यूअल, जहाजं बांधणारा आणि बँकेचा अध्यक्ष. स्यूअलला वगळणार असाल तर मला उभं करू नका, असा ब्रायनचा निरोप आलेला होता. सभाध्यक्ष सिनेटर ॲलन यांनी तो मतदानाआधी वाचूनच दाखवला नाही. नॉर्थ कॅरोलिनात तर त्या वर्षी हाच पक्ष अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटांशी आणि राज्यासाठी रिपब्लिकनांशी युतीत होता. कार्यकर्त्याने सकाळी कोणाला शिव्या घालायच्या आणि संध्याकाळी कोणाला, हे विचारून घ्यावं लागत असेल.

निकाल: रिपब्लिकनांचा मॅकिन्ली २७१ निर्वाचक मतं, ब्रायन १७६, मतांत सहा लाखांचा फरक. वॉटसनला उपाध्यक्षपदासाठी २७ निर्वाचक मतं मिळाली. या आकड्यांत एक खड्डा आहे. पॉप्युलिस्ट म्हणून ब्रायनला पडलेली मतं तक्त्यांत सव्वादोन लाखांच्या आसपास दिसतात आणि लोक म्हणतात, बघा, चार वर्षांत दहा लाखांची सव्वादोन झाली. पण बहुतेक राज्यांत निर्वाचकांची यादी सामाईक होती, त्यामुळे त्यांची मतं डेमोक्रॅटांच्या रकान्यात बुडाली आहेत. ताकद मोजायची तर १८९४ च्या काँग्रेस निवडणुकीची पंधरा लाखांच्या घरातली मतं बघा. तो माथा होता.

भावानेही साथ सोडली. १८९६ च्या शरदात, मतदानाच्या तोंडावर, गहू चढला. एक कारण हिंदुस्थानातला पावसाने दिलेला दगा. मुंबई इलाख्यात दुष्काळ पडत होता आणि हिंदुस्थानचा गहू बाजारातून हटला, त्याने कॅन्ससचा दाणा महागला. पुढे कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं आलं, दक्षिण आफ्रिकेत सायनाइडच्या प्रक्रियेने हलक्या प्रतीच्या खनिजातून सोनं निघू लागलं, चलन वाढलं, भाव चढले. चलनवाढीची मागणी चांदीविनाच पुरी झाली आणि १९०० मध्ये सोन्याचा कायदाही झाला. कॅन्ससात युतीने १८९६ ला राज्य जिंकलं, १८९८ ला घालवलं. १९०० मध्ये उरलेल्या गटाला ५० हजारांच्या आसपास, १९०८ ला वॉटसनला २९ हजार.

मागण्यांचं मात्र वेगळं झालं. प्राप्तिकर आणि सिनेटची थेट निवडणूक १९१३ मध्ये घटनेत आली, १९१६ मध्ये गोदाम कायदा आणि शेतजमीन कर्ज कायदा, आणि १९३३ मध्ये सरकारने कापसावर पौंडाला १० सेंट कर्ज द्यायला सुरुवात केली: भाव चढला तर फेडा, नाही तर माल सरकारचा. मॅक्यूनच्या योजनेचंच नातवंड, फक्त आता पक्ष उरलेला नव्हता.

आपल्याकडे याचं ओळखीचं रूप म्हणजे पणन मंडळाची शेतमाल तारण योजना, १९९०-९१ पासूनची. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन किंवा तूर टाका, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, वर्षाला ६ टक्के, १८० दिवस. कागद जवळपास तोच आहे आणि फटही तीच. ज्याने बियाणं-खत कृषी केंद्रातून उधार उचललं किंवा अडत्याकडून उचल घेतली, त्याचं सोयाबीन मळणीच्या दिवशीच त्यांच्या काट्यावर जातं. गोदामापर्यंत पोचतो तो आधीपासून थोडा मोकळा असलेला शेतकरी.